दीडशे अक्षरांचं मांजर

पन्नाशीनंतर माणसाने नवीन भाषा शिकू नये, असं माझ्या मेहुण्याचं मत आहे. पन्नाशीआधी मी जे जे शिकलो त्याबद्दलही त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं, त्यामुळे मी ते मनाला लावून घेतलं नाही.

माझी अडचण वेगळी होती. मी तोंड उघडलं की माझी चूक काढायला घरात कोणी ना कोणी हजर असतंच. बायको रुग्णालयाच्या औषध विभागात आहे. मी डोकेदुखीच्या गोळीचं नाव घेतलं तरी ती आधी उच्चार सुधारते आणि मग गोळी देते. मुलगी परगावी शिकते. ती फोनवरून माझं इंग्रजी दुरुस्त करते. उरलेली सगळी भाषा मेहुण्याकडे. तेव्हा मला अशी एक भाषा हवी होती, जिच्यात माझी चूक काढू शकेल असा एकही माणूस आमच्या पाच मजली इमारतीत नसेल. एका रविवारी पेपरात जाहिरात दिसली : 'फक्त दीडशे चिन्हांत चिनी भाषेतली संपूर्ण गोष्ट वाचा. सोबत ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रण.' मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे सांभाळतो. कुठल्या रस्त्याखाली कुठला नळ आणि कुठला व्हॉल्व्ह, हे नुसत्या खुणांवरून ओळखण्यात माझी सगळी हयात गेली. दीडशे खुणा म्हणजे आमच्या एका वॉर्डाइतक्यासुद्धा नाहीत. मी पुस्तक मागवलं.

पुस्तक आलं आणि पोस्टात अडकलं. परदेशातून आलेलं पार्सल म्हणून फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता : वस्तूवर लिहिलेलं नाव. खिडकीतल्या कारकुनाने माझ्यासमोर पार्सल उघडलं, पुस्तक आधी आडवं धरलं, मग उभं धरलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"याची सरळ बाजू कुठली?"

मी म्हणालो, "ते मला शिकायचंय."

"नाव काय पुस्तकाचं?"

"ते वाचता आलं असतं तर पुस्तक मागवलं नसतं."

"तसं चालत नाही. वर जे लिहिलंय तेच रकान्यात हवं. अक्षरशः."

अक्षरशः हा शब्द त्याने नुसता सवयीने वापरला होता, पण मला तो अक्षरशः पाळावा लागला. नखाएवढ्या रकान्यात मी सहा चिनी अक्षरं काढायला बसलो. पहिला फॉर्म रेघा एकमेकींत घुसल्याने बाद झाला. दुसऱ्यात एक अक्षर रकान्याबाहेर, 'केवळ कार्यालयीन उपयोगासाठी' या भागात शिरलं. तोवर मागे रांग वाढली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाला चिनी येऊ लागलं होतं. "वरचा दांडा राहिला." "ते तिसरं मांडी घालून बसल्यासारखं काढा." एका आजींनी तर पेन हातात घेऊन शेवटचं अक्षर स्वतःच काढलं आणि खरं सांगायचं तर ते सर्वांत चांगलं आलं. चौथा फॉर्म मंजूर झाला. घरी येईपर्यंत ती सहा अक्षरं मला डोळे मिटून काढता येत होती. सरकारी खात्यामुळे माझं काही शिक्षण झाल्याची ही एकमेव नोंद.

पुस्तकात एका कुटुंबाचं मांजर हरवतं आणि आठ धडे ते मांजर शोधतात. एवढीच गोष्ट. मला हे कुटुंब फार आवडलं. सगळ्यांकडे मिळून शब्दच दीडशे, त्यामुळे त्यांच्यात भांडण होत नाही. वडील विचारतात, मांजर कुठे आहे. आई म्हणते, घरात नाही. आजी म्हणते, बरं नाही झालं. संपलं. आमच्याकडे एक चष्मा हरवला तर चार हजार शब्द लागतात.

मी कामाला लागलो. शब्दांच्या चिठ्ठ्या करून घरभर चिकटवल्या. टेबलावर टेबल, पाण्यावर पाणी, दारावर दार. दाराचं चिनी अक्षर अगदी दाराच्या चौकटीसारखंच दिसतं, त्यामुळे ते मला पहिल्या दिवशी पाठ झालं. पण चिठ्ठीचा डिंक कच्चा निघाला. एक दिवस बायको कामावरून परत आली ती पाठीवर 'दार' चिकटलेलं घेऊन. दिवसभर ती तशीच औषधं देत होती. तेव्हापासून चिठ्ठ्यांना फक्त माझ्या टेबलापुरती परवानगी राहिली.

बातमी इमारतीत पसरली आणि घरोघरच्या चिनी वस्तू आमच्याकडे येऊ लागल्या. छत्र्या, बॅटऱ्या, पाठ चोळायचे पट्टे. प्रत्येकाला त्यावर काय लिहिलंय ते हवं होतं. पाचव्या मजल्यावरचे आमचे सेक्रेटरी बॅटरीचं खोकं घेऊन आले. मी बराच वेळ पाहून एका अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "मोठं."

"काय मोठं?"

"ते पुढच्या पातळीच्या पुस्तकात आहे."

सेक्रेटरी आदराने खोकं परत घेऊन गेले. समोरच्याला काहीच येत नसलं की अर्धवट ज्ञानाला मान मिळतो, हे मला तेव्हा कळलं आणि आवडलंही.

अडलं ते एकाच ठिकाणी. ध्वनिमुद्रणाला आवाजच नव्हता.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच इंग्रजीत बजावलं होतं, की बाईंचा आवाज ऐकत ऐकत बोट फिरवा, नाहीतर अर्धीच भाषा येईल. मी आमच्या जुन्या टॅबवर आठही धडे उतरवले. धडा सुरू केला की पडद्यावरची निळी रेघ सरकायची, मिनिटं मोजली जायची, आणि आवाज मात्र शून्य. हा टॅब मी आधी फक्त एकाच कामासाठी वापरला होता. शेजारच्या स्टेनोकाकांसाठी. त्यांनी पस्तीस वर्षं कोर्टात लघुलेखक म्हणून काम केलं. काकू गेल्यापासून एकटे राहतात. त्यांच्या मुलीने परदेशातून कानाचं मशीन पाठवलं होतं आणि त्याचा आवाज कमीजास्त करायला ब्लूटूथवर जोडलेला मोबाईल लागायचा. काकांचा फोन बटणांचा. म्हणून मी ते मशीन आमच्या टॅबला जोडून, त्यांच्या कानाला बेताचं करून दिलं होतं आणि विसरून गेलो होतो.

वाचकांपैकी काहींच्या लक्षात आलं असेल. माझ्या आठ महिने आलं नाही.

मी प्रकाशकांच्या मदत कक्षाला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं : कृपया आवाज वाढवून पाहावा. मी आवाज पूर्ण वाढवला. टॅबमधून काही आलं नाही. शेजारी मात्र खुर्ची पडल्यासारखा धाड आवाज झाला. अभ्यासात एकाग्रता हवी म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या पत्राचं उत्तर : सर्व धडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून कोणत्या धड्यात आवाज येत नाही ते कळवावं. वाजवले. कळवलं. तिसऱ्या पत्राचं उत्तर : आपली तक्रार आवाजाविषयी असल्याने आपण फोनवर बोलावं. तो फोन कोणी उचलत नसे.

शेवटी मी माझा मार्ग काढला. आवाज नसला तरी रेघेवरून वेग कळतो. रोज सकाळी सात वाजता मी टॅब लावायचो आणि त्या मुक्या बाईंच्या वेगाने पुस्तकावर बोट फिरवायचो. एकेक धडा नीट वाचता येईपर्यंत तीस तीस वेळा. धड्याच्या डोक्यावर पेन्सिलीने त्या दिवसाची तारीख टाकायचो, ही नकाशा विभागातली सवय. आठ महिन्यांत मला पुस्तकातली दीडशेच्या दीडशे अक्षरं येऊ लागली. बघितलं की अर्थ कळायचा. तोंडाने एकही म्हणता येत नव्हतं.

याच काळात स्टेनोकाका बदलत गेले. आधी रोज संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला यायचे. मग आठवड्यातून एकदा यायला लागले. आले की कोणी नसलेल्या दिशेला मान वळवायचे. बायकोने विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" तर म्हणाले, "वय झालं, दुसरं काय." आणि मग सेक्रेटरींकडून कळलं की काका घर बंद करून मुलीकडे कायमचे जाणार आहेत. मला वाईट वाटलं. मी बायकोला म्हणालो, "एकटेपणा वाईट. त्यांना काहीतरी छंद हवा होता, माझ्यासारखा."

आता लिफ्टचं सांगतो.

आमच्या लिफ्टची जुनी यंत्रणा काढून नवी बोलणारी बसवली. बसवणारे संध्याकाळी गेले, जाताना सांगून गेले की सध्या ती तिच्याच भाषेत, म्हणजे चिनीत, बोलेल, चार दिवसांत येऊन भाषा बदलून देऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला माझी बायको कामावर निघाली आणि लिफ्ट दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये थांबली. वरून अर्धी दिसत होती. आतून एका बाईचा गोड, शांत आवाज दर दहा सेकंदांनी एकच वाक्य म्हणत होता.

लिफ्टवाल्यांचा फोन लागेना. जिन्यात माणसं जमली. सेक्रेटरी म्हणाले, "काळजी करू नका. आपल्याकडे चिनी जाणणारा माणूस आहे." आणि सगळे माझ्यासाठी बाजूला झाले.

आयुष्यात माझ्यासाठी इतकी माणसं एकदम कधी बाजूला झाली नव्हती. मी पुढे होऊन कान लावला. बाई बोलली. मला एक अक्षरही कळलं नाही. मी कपाळाला आठी घालून पुन्हा ऐकलं, म्हणजे निदान कठीण वाक्य आहे असं तरी वाटावं.

"अहो," आतून बायकोचा आवाज आला, "काय म्हणतेय ती?"

"जरा घाईत बोलतेय."

"तीनच शब्द आहेत."

"ते लिहून दाखवले असते तर मी सांगितलं असतं."

"तिला हात नाहीत," बायको म्हणाली. "आणि मला नऊला रुग्णालयात पोचायचंय. आज विभागाच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. मी गेल्याशिवाय वॉर्डातल्या पेशंटांना औषधं मिळणार नाहीत."

मागून कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "बॅटरीवरचं तर वाचलं होतं म्हणे." आठ महिन्यांची कमाई जिन्यात वितळत होती.

तेवढ्यात वरून स्टेनोकाका आले. हातात पिशवी, अंगात बाहेरचे कपडे. ते पायरीवर थांबले. बाई पुन्हा बोलली. काकांनी कठडा धरला. चेहरा पांढराफटक.

ते अगदी हळू म्हणाले, "ही बाई... तुम्हालाही ऐकू येते?"

"काका, अख्ख्या इमारतीला ऐकू येतेय," सेक्रेटरी म्हणाले.

काका तिथेच पायरीवर बसले. मग हसायला लागले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसणं थांबेना. एकाने पाणी आणलं.

"गेले आठ महिने," काका म्हणाले, "रोज सकाळी सातला ही माझ्या कानात बोलते. हीच नाही, पण हिचीच भाषा. मला वाटलं, डोकं कामातून गेलं. कोणाला सांगणार? मी आत्ता मेंदूच्या डॉक्टरांकडेच निघालो होतो. ते जे सांगतील ते ऐकून मग मुलीकडे जायचं ठरवलं होतं." मग त्यांनी डोळे पुसले आणि मान वाकडी करून लिफ्टकडे कान लावला. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम कोर्टातला माणूस आला. "छिंग क्वान मन. बरोबर. हे वाक्य माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"लिहून घेतलंय ना. पस्तीस वर्षं हेच केलं. समोरचा बोलला की लिहायचं. खरं बोलतोय की खोटं, अर्थ काय, ते बघणं आपलं काम नाही."

ते घरात गेले आणि पाच वह्या घेऊन आले. लघुलेखनाच्या बारीक रेघांनी भरलेल्या. बाई आवाज वर नेते तिथे वर जाणारा बाण, खाली आणते तिथे खाली येणारा, आणि प्रत्येक पानावर तारीख. काका पानं उलटत गेले आणि मध्येच थांबून खणखणीत आवाजात चिनी वाचू लागले. सूर असा होता की लिफ्टमधली बाई त्यांच्यापुढे नवशिकी वाटली.

"शेवटी 'मन' म्हणते," ते म्हणाले. "मला बरेच दिवस वाटत होतं, काहीतरी अध्यात्म असावं."

"काका, तारीख कुठली?" मी विचारलं. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडत होता, पण त्यातला लाजिरवाणा भाग अजून दिसत नव्हता.

काकांनी तारीख सांगितली. मी धावत जाऊन पुस्तक आणलं. माझ्या पेन्सिलीप्रमाणे ती तारीख चौथ्या धड्याची निघाली.

"सुरुवातीपासून कितवं वाक्य?"

"अकरावं."

मी बोट ठेवून मोजलं. अकरावं वाक्य आजीच्या तोंडी होतं. तीन अक्षरं, आणि तिसरं चौकटीसारखं.

"कृपया दार बंद करा," मी म्हणालो.

मग सगळे एकदम वर धावले, कारण खालच्या मजल्यांची दारं समोरच बंद दिसत होती. पाचव्या मजल्यावर लिफ्टच्या दारात नव्या पायपुसण्याचं टोक अडकलं होतं आणि दार बोटभर उघडं होतं. पायपुसणं सेक्रेटरींचं होतं. ते त्यांनी न बोलता घरात नेलं. दार लागलं, बाई गप्प झाली आणि लिफ्ट सुखरूप खाली उतरली.

बायको बाहेर आली. टाळ्या वाजत होत्या. मला वाटलं, ती काहीतरी चांगलं बोलेल. ती घड्याळाकडे बघत म्हणाली, "आठ महिने, रोज सात वाजता. काकांच्या कानातलं मशीन कुठल्या टॅबला जोडलंय?"

आणि गेली. तिला किल्ल्या पोचवायच्या होत्या. उत्तर ऐकायला ती थांबली नाही, कारण तिला ते माहीत होतं. उभ्या इमारतीसमोर ते मला एकट्याला द्यावं लागलं.

मी काकांसमोर पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. मदत कक्ष, निळी रेघ, सगळं. सांगताना मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. माझ्या हौसेपायी एक माणूस आठ महिने स्वतःच्याच डोक्याला घाबरून राहिला होता, भिंतीपलीकडे, एकटा.

काकांनी पाचही वह्या एकावर एक नीट रचल्या. मग म्हणाले, "एक दिवस बाई फार मोठ्याने ओरडली. मी खुर्चीसकट पडलो. माझ्या लिहिण्यात काही चुकलं, म्हणून रागावली असं वाटलं मला."

"तो मी होतो. आवाज वाढवला होता."

"असं होय." त्यांना त्यातही बरं वाटल्यासारखं दिसलं. "मग ती रागावली नव्हती तर."

त्यांनी डॉक्टरांकडे फोन करून वेळ रद्द केली. फोनवर कारण विचारलं असावं, कारण ते म्हणाले, "नाही, बरा झालो असं नाही. बिघडलोच नव्हतो."

त्या संध्याकाळी मी त्यांचं मशीन टॅबपासून तोडलं, त्यांच्या मुलीने नवा फोन घेण्याची व्यवस्था केली, आणि मी तीनदा माफी मागितली. काका 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणाले, पण त्यात जीव नव्हता. मला वाटलं, ते आठ महिने त्यांच्या मनातून गेले नाहीत अजून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी टॅब लावला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा आमच्या खोलीत बाईंचा आवाज आला. स्वच्छ, सावकाश, जणू ती समोर बसून कोणाला तरी झोपेतून उठवतेय. मी बोट फिरवायचं विसरून ऐकत राहिलो. दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात काका. दाढी केलेली, हातात सहावी वही, कानावर पेन्सिल.

"आज डिक्टेशन नाही का?" ते म्हणाले. "मी सातपासून बसलोय."

तेव्हापासून ते आमच्या टेबलाशी बसतात. मी अक्षरं वाचून अर्थ सांगतो, ते उच्चार सांगतात. मी म्हटलेला शब्द ते वहीतला बाण दाखवून दुरुस्त करतात. दिवसातून चाळीसेक वेळा. मांजराची गोष्ट आहे हे कळल्यावर ते थोडे हिरमुसले. मग त्यांना मांजराची काळजी लागली. आठवा धडा आम्ही दोघांनी मिळून, मी बोटाने आणि त्यांनी तोंडाने, एका दमात वाचला. मांजर सापडलं. ते सगळा वेळ छपरावर होतं. काका उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ बाहेर बघत उभे राहिले. बायको चहा घेऊन आली तर तिला म्हणाले, "सापडलं बरं का." तीही कामाला जायची घाई सोडून पाच मिनिटं बसली आणि तिने शेवटचं पान काकांकडून पुन्हा ऐकलं. एकही उच्चार तिने सुधारला नाही.

मुलीकडे जाण्याचा विषय काकांनी परत काढला नाही. महिनाभरासाठी जाऊन येतो म्हणाले, तेही पुढच्या वर्षी.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या पातळीचं पुस्तक आलं. तीनशे अक्षरं, एका रेल्वे प्रवासाची गोष्ट. पोस्टातल्या कारकुनाने मला ओळखून स्वतःहून मोठ्या रकान्याचा फॉर्म दिला. काका नवी वही घेऊन, पेन्सिलीला टोक करून सातला हजर. मी धडा लावला. एका गृहस्थांचा आवाज आला. भारदस्त, अगदी स्पष्ट.

काकांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. ती हलली नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सभ्यपणे.

"बोलतात चांगलं," ते म्हणाले. "हे पुढचं तुम्ही शिकून घ्या. शिकायलाच हवं."

"आणि तुम्ही?"

त्यांनी नवी वही मिटली आणि खुर्ची टॅबच्या आणखी जवळ ओढली.

"मला बाईंचा पहिला धडा लावा," ते म्हणाले. "मांजर हरवतं तिथपासून."